वाचकांचे प्रश्न : प्रागैतिहासिक वाद्ये आणि त्यांचे उपयोग

लेखनकला अस्तित्वात येण्यापूर्वीच्या माणसांच्या वाद्यांविषयी वाचकांनी पाठविलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : जर्मनीतील एका गुहेत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची बासरी सापडल्याचे वाचनात आले. हाडाच्या एका नळीला बासरी म्हणण्यास आधार काय? ते नुसतेच भोके पडलेले हाड नसेल कशावरून? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण उल्लेख केलेली बासरी नैर्ऋत्य जर्मनीतील श्वेबियन जुरा या चुनखडीच्या डोंगराळ भागात, होले फेल्स नावाच्या गुहेत २००८ साली सापडली. ट्युबिंगन विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ निकोलस कोनार्ड यांच्या पथकाने तेथे उत्खनन केले आणि पुढच्या वर्षी या शोधाची माहिती प्रसिद्ध झाली. ग्रिफॉन जातीच्या गिधाडाच्या पंखातील हाडापासून केलेली ही बासरी १२ तुकड्यांत मिळाली. तुकडे जुळविल्यावर तिची उरलेली लांबी २१.८ सेंटीमीटर आणि जाडी सुमारे ८ मिलिमीटर भरली. तिच्यावर पाच भोके आहेत; मात्र पाचव्या भोकापाशीच हाड तुटलेले असल्याने मूळ बासरी याहून लांब असणार.

आपली शंका अगदी योग्य आहे, आणि अशा वस्तूविषयी संशोधकही पहिल्यांदा हीच शंका घेतात. मांसभक्षक प्राण्याच्या सुळ्याने हाडाला भोक पडते, पाण्याने आणि मातीतील आम्लानेही पडते. त्यामुळे भोक आहे एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. ते कोणी आणि कसे पाडले, याच्या खुणा शोधाव्या लागतात. होले फेल्सच्या बासरीवर या खुणा स्पष्ट आहेत. प्रत्येक भोकाभोवतीचे हाड दगडी हत्याराने खरवडून किंचित खोलगट केलेले आहे, त्यामुळे बोटाचे टोक तेथे नीट टेकते आणि हवा निसटत नाही. भोकांच्या जवळ बारीक आडव्या रेघा कोरलेल्या आहेत. भोके कोठे पाडायची याचे माप त्या रेघांनी घेतले असावे, असे संशोधकांचे मत आहे. तोंडाकडच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या दोन खाचा आहेत. फुंकर खाचेच्या धारेवर आपटली की नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो आणि स्वर निघतो. आपली बासरी आडवी धरतात. ही उभी धरून टोकाच्या धारेवर फुंकायची आहे.

माझ्या मते याहूनही भक्कम पुरावा त्याच परिसरातील गाइसेनक्लॉस्टर्ले गुहेतून मिळाला. तेथे हंसाच्या हाडांच्या बासऱ्या मिळाल्या होत्याच. त्यांखेरीज एक बासरी मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातील हत्तीसारख्या केसाळ प्राण्याच्या, सुळ्यापासून घडविलेली निघाली. पक्ष्याचे हाड मुळातच पोकळ असते, त्यामुळे तेथे निसर्गाने निम्मे काम करून ठेवलेले असते. सुळा मात्र भरीव असतो. या कारागिराने सुळ्याचा तुकडा आधी बासरीच्या आकाराचा घडविला, तो लांबीच्या दिशेने दुभागला, दोन्ही अर्ध आतून कोरून पोकळ केले, आणि मग ते पुन्हा एकमेकांवर बसवून सांधा हवाबंद केला. सांध्याच्या दोन्ही कडांवर नेमक्या अंतराने पाडलेल्या बारीक खाचा आजही दिसतात; बांधणी आणि डिंकासारखा चिकट पदार्थ पक्का बसावा यासाठी त्या आहेत. सांध्यातून तसूभर हवा गेली तरी स्वर बिघडतो, आणि एखाद्या नळीतून हवा अजिबात निसटू नये म्हणून एवढा आटापिटा करण्याचे दुसरे कोणतेही कारण सुचत नाही. शिवाय असे काम कोणाच्याही हातून पहिल्याच प्रयत्नात साधत नाही. ते करणाऱ्या माणसाच्या मागे शिकविणारे हात होते, आणि त्या हातांच्या मागे आणखी काही पिढ्या असल्या पाहिजेत. म्हणून या बासऱ्या आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी निर्विवाद वाद्ये असल्या, तरी संगीताची सुरुवात त्यांच्यापासून झाली असे समजू नये.

ही हस्तिदंती बासरी कशी सापडली, हेही सांगण्याजोगे आहे. गाइसेनक्लॉस्टर्लेचे उत्खनन १९७० च्या दशकात सुरू झाले आणि सुळ्याचे असंख्य तुकडे जपून ठेवण्यात आले. त्या साठ्यातील ३१ तुकडे एकाच नळीचे आहेत, हे पुष्कळ वर्षांनी, तुकडे पुन्हा तपासताना ध्यानात आले आणि २००४ साली ते जाहीर झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित कालमापनानुसार गाइसेनक्लॉस्टर्लेमधील हे थर ४२,००० ते ४३,००० वर्षांपर्यंत मागे जातात. २०१७ साली युनेस्कोने या परिसरातील गुहांचा जागतिक वारशात समावेश केला.

प्रश्न : स्लोव्हेनियामध्ये निअँडरथल मानवाची बासरी सापडल्याचे सांगतात. ती तर जर्मनीतील बासरीपेक्षाही जुनी आहे ना? मग तिला पहिला मान का देत नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दिव्ये बाबे या गुहेत पुरातत्त्वज्ञ इव्हान तुर्क यांच्या उत्खननात १९९५ साली ‘गुहा-अस्वल’ या आता नामशेष झालेल्या जातीच्या पिल्लाच्या मांडीचे हाड मिळाले. त्यावर दोन पूर्ण भोके आहेत आणि दोन्ही तुटक्या टोकांशी आणखी भोकांचे अर्धवट भाग असावेत असे दिसते. त्याचे वय ५०,००० ते ६०,००० वर्षे सांगितले जाते आणि ल्युब्लियाना येथील राष्ट्रीय संग्रहालयात ते निअँडरथल मानवाची, म्हणजे आधुनिक मानवाआधी युरोपात राहणाऱ्या आणि आता नामशेष झालेल्या मानवजातीची, बासरी म्हणून मांडलेले आहे.

अडचण अशी आहे की, त्या भोकांवर हत्याराने कापल्याच्या किंवा खरवडल्याच्या निःसंशय खुणा दिसत नाहीत, आणि हाडाची दोन्ही टोके प्राण्यांनी चावलेली आहेत. त्या गुहेत अस्वलांच्या हाडांचा खच होता आणि अशी भोके पडलेली अस्वलांची हाडे अन्य गुहांतही मिळतात. म्हणून अनेक संशोधक ही भोके तरस किंवा अन्य मांसभक्षकाच्या दातांची मानतात. तुर्क आणि त्यांचे सहकारी याला उत्तर देतात की, टोकदार दगडाने ठोकून भोक पाडले तर कापल्याच्या खुणा उरत नाहीत; त्यांनी तसे प्रयोगही करून दाखविले आहेत. या हाडाच्या प्रतिकृतीवर निष्णात वादकांनी सुरेल रचना वाजविल्या आहेत. परंतु निष्णात वादक कोणत्याही भोकाच्या नळीतून संगीत काढू शकतो, त्यामुळे प्रतिकृती वाजली म्हणजे मूळ वस्तू वाद्य ठरली असे होत नाही. निअँडरथल मानवाला संगीत असणे मला मुळीच अशक्य वाटत नाही. मात्र हे एक हाड तेवढा भार पेलू शकत नाही.

प्रश्न : ही वाद्ये नेमकी कशासाठी वापरली जात असतील? शिकार, पूजा की मनोरंजन? (एका संगीत शिक्षिकेचे पत्र, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नाला सर्व वाद्यांसाठी एकच उत्तर देता येणार नाही, आणि एकेका वाद्याचाही एकच उपयोग असेल असे मानण्याचे कारण नाही. ढोल लग्नात वाजतो, पालखीपुढे वाजतो आणि पूर्वी दवंडीलाही वाजत असे. तेव्हा उपयोगाचा शोध घेताना वाद्य कशाचे केले, कोठे ठेवले होते, कोणत्या अवस्थेत टाकले गेले आणि त्यातून कसा आवाज निघतो, या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. तीन उदाहरणे थोड्या विस्ताराने देतो.

पहिले उदाहरण फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या मार्सुला गुहेतील शंखाचे. १९३१ साली तेथे ३१ सेंटीमीटर उंचीचा एक मोठा सागरी शंख मिळाला. पाणी किंवा अन्य पेय पिण्याचे हे पात्र असावे, असा निष्कर्ष काढून तो तूलूझच्या संग्रहालयात ठेवण्यात आला आणि तब्बल आठ दशके तसाच राहिला. त्यानंतर कारोल फ्रित्झ, जिल तोझेलो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा हाती घेतला. शंखाचे सर्वांत कठीण टोक तुटलेले होते, आणि ते अपघाताने तुटलेले नसून मुद्दाम तोडलेले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्याकडे फुंकायच्या शंखाचे टोकही असेच कापावे लागते, हे देवघरात शंख असणाऱ्यांना ठाऊक असेल. टोकापासून आतल्या वेटोळ्यांतून आरपार छिद्र पाडलेले होते, बाहेरची कड ठोकून सारखी केलेली होती, आणि टोकाशी एखाद्या चिकट सेंद्रिय पदार्थाचे अवशेष होते, म्हणजे तेथे फुंकण्यासाठी पोकळ नळी बसविलेली असणे शक्य आहे. शंखाच्या आतल्या भागावर गेरूचे लाल ठिपके निघाले, आणि त्याच गुहेच्या भिंतीवर तशाच लाल ठिपक्यांनी रेखलेला गवा आहे. शृंगवाद्य वाजविणाऱ्या एका व्यावसायिक वादकाने तो शंख फुंकला, तेव्हा एकमेकांना लागून असणारे तीन स्वर निघाले. २०२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. शंखाचे वय सुमारे १८,००० वर्षे आहे. भिंतीवरचे चित्र आणि शंखावरचे ठिपके एकाच रंगाचे आणि एकाच पद्धतीचे असल्याने, त्या गुहेत जे काही विधी होत असतील त्यांत चित्र आणि नाद यांचा परस्परसंबंध होता, असा संशोधकांचा तर्क आहे, आणि मला तो सयुक्तिक वाटतो.

दुसरे उदाहरण उत्तर इस्राएलमधील एनान-मल्लाहा या वसाहतीचे आहे. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी तेथे शिकार आणि कंदमुळे यांवर जगणारे, परंतु एका जागी वस्ती करू लागलेले नातुफियन लोक राहत होते. तेथील जुन्या उत्खननांत साठविलेली पक्ष्यांची हाडे तपासताना संशोधकांना बारीक भोके पाडलेली सात हाडे आढळली. त्यांपैकी एक पूर्ण अवस्थेत असून जेमतेम साडेसहा सेंटीमीटर लांबीचे आहे. २०२३ साली याची माहिती प्रसिद्ध झाली. प्रतिकृती वाजविल्यावर निघालेला कर्कश, तीव्र आवाज त्याच भागात आढळणाऱ्या ससाणा कुळातील खरूची आणि शिक्रा कुळातील छोट्या शिकारी पक्ष्याच्या सादेशी जुळला. येथे लक्ष द्यावे असा मुद्दा असा की, मोठ्या पक्ष्यांची हाडेही त्या लोकांना उपलब्ध होती. त्यांच्यापासून वाद्य करणे सोपे गेले असते, आवाजही भरदार निघाला असता. तरीही त्यांनी लहान पाणपक्ष्यांची चिमुकली हाडे निवडली आणि अवघड काम पत्करले, म्हणजे त्यांना तोच तीव्र आवाज हवा होता. तो शिकारीत पाणपक्ष्यांना बिथरवून उठविण्यासाठी असेल, एकमेकांना इशारा देण्यासाठी असेल, किंवा शिकारी पक्ष्याला मान देणाऱ्या एखाद्या नृत्यासाठी असेल. या लोकांनी शिकारी पक्ष्यांच्या नख्या दागिन्यांसाठी वापरल्याचे पुरावे आहेत, त्यामुळे शेवटची शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही.

तिसरे उदाहरण चीनमधील हनान प्रांतातील जियाहू येथील आहे. १९८० च्या दशकातील उत्खननात तेथे लाल डोक्याच्या क्रौंच पक्ष्याच्या पंखातील हाडांच्या तीसहून अधिक बासऱ्या मिळाल्या. त्यांतील सहा अखंड होत्या. त्यांचा काळ आजपासून सुमारे ९,००० ते ७,७०० वर्षांपूर्वीचा आहे. या बासऱ्या थडग्यांत, मृत माणसाच्या देहाजवळ ठेवलेल्या होत्या आणि त्या सर्वच थडग्यांत नव्हत्या. म्हणजे वादक ही त्या समाजात वेगळी ओळख असलेली व्यक्ती होती आणि तिचे वाद्य तिच्याबरोबरच जात असे, असे अनुमान करता येते.

याखेरीज फ्रान्समधील लालँद येथे रेनडिअरच्या शिंगापासून केलेली, रेघा कोरलेली आणि गेरू माखलेली एक चपटी पट्टी मिळाली आहे; दोरीला बांधून ती डोक्याभोवती गरगर फिरविली की घोंघावणारा खोल आवाज निघतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांत असे वाद्य दीक्षाविधीत वापरले जाते. परंतु म्हणून युरोपातील हिमयुगीन माणसेही तेच करीत होती असे म्हणणे घाईचे होईल.

कोनार्ड यांनी आणखी एक विचार मांडला आहे. युरोपात नव्याने आलेल्या आधुनिक मानवाच्या विखुरलेल्या टोळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवण्यास संगीताने हातभार लावला असेल, आणि निअँडरथल मानवाच्या तुलनेत त्यांचा विस्तार होण्यास तेही एक कारण ठरले असेल. हा विचार आकर्षक आहे, पण तो उत्खननातून सिद्ध करणे फार कठीण आहे. माणसे एकत्र गातात, वाजवितात तेव्हा त्यांच्यात जवळीक निर्माण होते, एवढे आजच्या अनुभवावरून निश्चित म्हणता येते. त्यापुढचे सारे अनुमान आहे.

प्रश्न : त्या काळी सप्तक होते का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : जियाहूच्या सुरुवातीच्या बासऱ्यांना पाच व सहा, तर पुढच्या टप्प्यांत सात आणि आठ भोके आढळतात. सात भोकांची एक अखंड बासरी संशोधकांनी प्रत्यक्ष वाजविली आणि तिच्या स्वरांचे मापन १९९९ साली प्रसिद्ध केले. तिच्या सातव्या भोकालगत एक अगदी बारीक जादा छिद्र आहे. स्वर थोडा चुकला म्हणून तो सुधारण्यासाठी ते पाडले असावे. कारागिराच्या कानात विशिष्ट स्वर पक्का होता आणि वाद्याने तोच दिला पाहिजे असा त्याचा आग्रह होता, हे या टिकलीएवढ्या छिद्रावरून कळते. त्या स्वरांना आपल्या सप्तकाची नावे देणे मात्र टाळावे. उभ्या बासरीत ओठांचा कोन आणि फुंकरीचा जोर बदलला की स्वर सहज वरखाली होतो, त्यामुळे भोकांच्या अंतरावरून स्वरांची शक्यता कळते; प्रत्यक्ष कोणते गाणे वाजत होते ते कळत नाही.

प्रश्न : भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, अशी वाद्ये सापडली आहेत का? नसल्यास का नाहीत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या परंपरेत वाद्यांचे तत (तारांची), अवनद्ध (चामड्याने मढविलेली), घन (ठोकून वाजविण्याची) आणि सुषिर (फुंकून वाजविण्याची) असे चार वर्ग केले जातात. यांपैकी तारांची आणि चामड्याने मढविलेली वाद्ये लाकूड, आतडी, कातडी अशा नाशवंत पदार्थांची असतात आणि हजारो वर्षे सहसा टिकत नाहीत. टिकतात ती हाडाची, शंखाची सुषिर वाद्ये आणि दगडाची घन वाद्ये. बांबू मुबलक असलेल्या उष्ण आणि पावसाळी प्रदेशात बासरीसाठी हाड शोधण्याची गरजही कमी. त्यात कोकणातील जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडही विरघळून जाते. तेव्हा वाद्य सापडले नाही म्हणून संगीत नव्हते, असा अर्थ आपण काढू नये.

दगडाने मात्र आपल्याला साथ दिली आहे. सोलापूरहून फार दूर नसलेल्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात संगनकल्लू-कुपगल येथे नवाश्मयुगीन पशुपालकांच्या वस्तीजवळच्या टेकडीवर काळ्या डोलेराइट दगडाच्या शिळा आहेत. त्यांवर बैलांची आणि माणसांची असंख्य चित्रे कोरलेली आहेत. त्यांतील काही शिळांवर एकाच जागी वारंवार आघात झाल्याने गुळगुळीत खळगे पडले आहेत, आणि त्या खळग्यांवर दगडाने ठोकले असता घंटेसारखा घुमणारा नाद निघतो. पुरातत्त्वज्ञ निकोल बॉइव्हिन यांनी २००४ साली यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खळगे नेमके नाद देणाऱ्या जागी आहेत, ही यातील कळीची बाब होय. शेजारच्याच प्रदेशात, हंपीच्या विठ्ठल मंदिरात, नाद देणारे दगडी खांब आहेत हे अनेक मराठी यात्रेकरूंना माहीत आहे. या दोहोंमध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे आणि त्यांना जोडणारी परंपरा कोणी दाखविलेली नाही. तथापि या खडकांत नाद दडलेला आहे हे त्या भूमीवरच्या माणसांनी निरनिराळ्या काळी ओळखले, हे खरेच. ओडिशातील संकरजंग येथेही दगडाच्या लांब, घडविलेल्या पट्ट्या मिळाल्या असून त्या ठोकून वाजविण्याच्या असाव्यात, असा विचार मांडण्यात आला आहे.

शैलचित्रांचा पुरावाही आहे. विष्णु श्रीधर वाकणकर या थोर मराठी संशोधकाने १९५७ साली जगासमोर आणलेल्या भीमबेटका येथील चित्रांत नाचणाऱ्या माणसांच्या रांगा आणि ढोल वाजविणारे वादक दिसतात, आणि पचमढीच्या परिसरातील एका चित्रात धनुष्यासारखी वीणा वाजविणारी व्यक्ती आहे. मात्र या ठिकाणी चित्रे काढण्याची प्रथा अश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंत चालू राहिली. वाद्यांची अनेक चित्रे उत्तरकालीन आहेत, त्यामुळे त्या सर्वांना सरसकट अश्मयुगीन म्हणता येत नाही.

महाराष्ट्राविषयी माझे एक आग्रहाचे मत आहे. मार्सुलाचा शंख, गाइसेनक्लॉस्टर्लेची हस्तिदंती बासरी आणि एनानची हाडे ही तिन्ही वाद्ये साठवणीतल्या वस्तू पुन्हा तपासताना ओळखली गेली. नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथील उत्खननांतूनही प्राण्यांची हाडे निघाली आहेत. ती हाडे प्रामुख्याने त्या लोकांचा आहार आणि पशुपालन समजून घेण्यासाठी अभ्यासली जातात, आणि ते योग्यच आहे. तीच हाडे आता सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन, त्यांवर फुंकरीसाठी घासलेली कड किंवा बोटासाठी खरवडलेली जागा आहे का, हेही तपासले पाहिजे. काही मिळेलच असे नाही. पण हा प्रश्न मनात ठेवून ती पाहिली गेली नाहीत, तर मिळण्याची शक्यताच उरत नाही.

प्रश्न : कुपगलचे दगड सामान्य माणसाला पाहता येतील का? ते वाजवून पाहण्यास हरकत आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बळ्ळारी शहरापासून ही टेकडी जवळच आहे. शिळा उघड्यावर, उंच आणि निसरड्या जागी असल्याने स्थानिक माहीतगाराला सोबत घ्यावे. या परिसरात खडी आणि बांधकामाचा दगड यांसाठी खाणकाम झालेले आहे आणि त्यामुळे या स्थळाला धोका असल्याचे संशोधकांनी वारंवार सांगितले आहे. दगड वाजविण्याचा मोह आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक नव्या आघाताने खळग्यातील जुन्या खुणा पुसल्या जातात, आणि मूळ ठोके कशाने व कसे दिले गेले हे त्याच खुणांवरून ठरवायचे आहे. लोखंडी हातोडी किंवा सळई तर मुळीच वापरू नये. कोरीव चित्रांवर खडू फिरवून छायाचित्रे काढण्याची काही पर्यटकांची सवयही तितकीच घातक आहे. सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे पडलेले असताना गेल्यास चित्रे आणि खळगे दोन्ही खडूशिवाय स्पष्ट दिसतात.